‘मस्ट नॉट’ की ‘डोन्ट हॅव टू’? इंग्रजी मोडल आणि नकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’, ‘विल’ ही मोडल, म्हणजे शक्यता, परवानगी, सक्ती अशा छटा दाखवणारी सहायक क्रियापदं, सरळ वाक्यात फारसा त्रास देत नाहीत. शेजारी ‘नॉट’ येऊन बसलं की गाडी अडते. ‘नॉट’ दिसतं एका जागी आणि लागू होतं भलत्याच शब्दाला. शिकवताना मला विचारले गेलेले आणि शिकताना मलाच पडलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यातले निम्मे तरी फिरून एकाच जागी येतात: वाक्यातला नकार नेमका कुणाचा? मोडलचा, की त्याच्या पुढच्या क्रियापदाचा?

‘नॉट’ ठेवायचं कुठे?

मोडलला चिकटून, मूळ क्रियापदाच्या आधी. ‘शी कॅन स्विम’, ‘शी कॅनॉट स्विम’. ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ यांना इथे प्रवेश नाही, त्यामुळे ‘ही डझंट कॅन’ किंवा ‘आय डोन्ट मस्ट’ अशी वाक्यं होत नाहीत. प्रमाण इंग्रजीत दोन मोडलही एकामागोमाग येत नाहीत. ‘मी येऊ शकणार नाही’ याचं ‘आय विल नॉट कॅन कम’ न होता ‘आय वोन्ट बी एबल टू कम’ होतं.

बाकीच्या क्रियापदांना ‘डू’ लागतं, मग यांनाच का नाही?

कारण मोडल जुन्या चालीवर राहिले. एके काळी इंग्रजीत साध्या क्रियापदांनंतरही थेट ‘नॉट’ येई, ‘आय नो नॉट’ असं. सोळाव्या-सतराव्या शतकांत नकारात ‘डू’ वापरण्याची रीत पसरली आणि ‘आय डू नॉट नो’ रूढ झालं. मोडल, ‘बी’ आणि सहायक ‘हॅव’ यांनी ती रीत उचललीच नाही.

त्याहून मागे गेलं तर आणखी गंमत आहे. जुन्या इंग्रजीत नकाराचा शब्द ‘ने’ होता आणि तो क्रियापदाच्या आधी येई. ‘नॉट’ हे ‘काहीही नाही’ अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दाचं झिजलेलं रूप. आधी ते नुसता जोर द्यायला मागे लागत असे, मग ‘ने’ गळून पडलं आणि नकाराचा सगळा भार ‘नॉट’वर आला. नकाराच्या शब्दांचा हा फेरा डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९१७ साली मांडला, म्हणून त्याला ‘येस्पर्सन चक्र’ म्हणतात.

‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ यांचा अर्थ जवळपास सारखाच आहे. मग नकारात ते इतके वेगळे का होतात?

या एका प्रश्नासाठी बाकीचे सगळे सोडून दिले तरी चालेल, इतका तो महत्त्वाचा आहे.

‘यू मस्ट गो’ आणि ‘यू हॅव टू गो’ दोन्हींचं मराठी ‘तुम्हाला गेलंच पाहिजे’. आता नकार घाला. ‘यू मस्ट नॉट गो’ म्हणजे ‘तुम्ही जाता कामा नये’. ‘यू डोन्ट हॅव टू गो’ म्हणजे ‘तुम्हाला गेलंच पाहिजे असं नाही’. पहिल्या वाक्यात सक्ती शाबूत आहे, फक्त ती न जाण्याची आहे. दुसऱ्यात सक्तीच उठली. जा किंवा बसून राहा, कुणी विचारणार नाही.

‘मस्ट’चा ‘नॉट’ पुढच्या क्रियापदाकडे जातो, ‘हॅव टू’चा नकार ‘हॅव टू’लाच खोडतो. इंग्रजी वाक्याकडे बघून हे कळायला काही खूण नाही. मराठीत मात्र ती आहे. आपल्याकडे नकाराचे शब्दच वेगवेगळे आहेत: नाही, नये, नको, नव्हे. म्हणून शंका आली की वाक्य मराठीत दोन तऱ्हांनी मांडून बघावं, ‘न करणं सक्तीचं आहे’ आणि ‘करणं सक्तीचं नाही’. पहिलं जुळलं तर ‘मस्ट नॉट’, दुसरं जुळलं तर ‘डोन्ट हॅव टू’.

इतकं सोपं असूनही आपण चुकतो, आणि त्याचं खापर मी ‘नको’वर फोडेन. ‘तुम्हाला यायला नको’ हे मराठी वाक्य दोन्हीकडे झुकतं. बोलणाऱ्याच्या सुरावरून ‘तुमची सुटका झाली’ असंही कळतं आणि ‘येऊ नका’ असंही. हाच ‘नको’ डोक्यात ठेवून इंग्रजी बोललं की ‘यू मस्ट नॉट कम टुमॉरो’ असं वाक्य बाहेर पडतं. सांगायचं असतं ‘उद्या सुट्टी घेतलीत तरी चालेल’ आणि समोरच्याला ऐकू येतं ‘उद्या इथे पाऊल टाकायचं नाही’. एका सहकाऱ्याला असा निरोप माझ्याकडूनच गेला होता. पुढचा आठवडाभर त्याचं वागणं थंड का होतं, ते मला फार उशिरा कळलं.

‘नीड नॉट’ कुठे बसतं?

‘डोन्ट हॅव टू’च्या बाकावर. ‘यू नीड नॉट वेट’ म्हणजे थांबायची गरज नाही. ‘मस्ट आय वेट?’ असं कुणी विचारलं आणि सूट द्यायची असेल तर ‘नो, यू नीडन्ट’ किंवा ‘नो, यू डोन्ट हॅव टू’ म्हणावं. ‘नो, यू मसन्ट’ (‘मस्ट नॉट’चं आखूड रूप) म्हटलं की माणूस उठून निघून जाईल.

मोडल म्हणून ‘नीड’ जवळजवळ फक्त नकारात आणि प्रश्नातच जिवंत आहे. ‘ही नीड नॉट कम’ चालतं, ‘ही नीड कम’ चालत नाही. तिथे ‘ही नीड्स टू कम’ असं साधं क्रियापद लागतं. ‘डेअर’चंही असंच. अमेरिकन बोलण्यात ‘नीडन्ट’ कमी ऐकू येतं, ‘डोन्ट नीड टू’ जास्त.

‘नीडन्ट हॅव गॉन’ आणि ‘डिडन्ट नीड टू गो’ यांत फरक आहे का?

आहे, आणि मजेदार आहे. ‘आय नीडन्ट हॅव गॉन’ म्हणजे मी गेलो, पण उगाच गेलो. ‘आय डिडन्ट नीड टू गो’ इतकंच सांगतं की गरज नव्हती; गेलो की नाही ते उघड करत नाही.

‘मे नॉट’चा अर्थ दर वेळी बदलतो असं का वाटतं?

कारण खरंच बदलतो. ‘यू मे नॉट एंटर’ हे परवानगीचं वाक्य असेल तर अर्थ ‘आत यायची परवानगी नाही’. इथे ‘नॉट’ने ‘मे’ला खोडलं. ‘इट मे नॉट रेन’ हे शक्यतेचं वाक्य आहे: ‘कदाचित पाऊस पडणार नाही’. इथे ‘मे’ला धक्का लागलेला नाही, ‘नॉट’ पडण्याला लागलं.

परवानगीच्या ‘मे’ला नकार मोडलचा, शक्यतेच्या ‘मे’ला नकार क्रियेचा, असं लक्षात ठेवावं. तरीही ‘द मेंबर्स मे नॉट अटेंड’ असं एकटं वाक्य समोर आलं तर सभासदांना मज्जाव आहे की ते कदाचित येणार नाहीत, हे संदर्भाशिवाय सांगता येत नाही. लिहिताना मी अशा जागी ‘मे नॉट’ टाळते. मज्जाव असेल तर ‘मस्ट नॉट’ किंवा ‘आर नॉट अलाउड टू’, अंदाज असेल तर ‘माइट नॉट’. ‘माइट नॉट’ आजच्या बोलण्यात जवळजवळ नेहमी ‘कदाचित नाही’ या अर्थानेच येतं.

मग ‘कॅनॉट’ आणि ‘माइट नॉट’ यांत नेमका फरक काय? दोन्ही शक्यतेबद्दलच तर आहेत.

‘इट कान्ट बी ट्रू’ म्हणजे ते खरं असणं शक्य नाही. ‘इट माइट नॉट बी ट्रू’ म्हणजे ते खरं नसणं शक्य आहे. मराठी वाक्यांत ‘नाही’ आणि ‘नसणं’ कुठे बसलेत ते पाहा, सगळा फरक तिथेच दिसतो. पहिलं वाक्य दार बंद करतं, दुसरं किलकिलं ठेवतं. ‘असणं शक्य नाही’ आणि ‘नसणं शक्य आहे’ या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ॲरिस्टॉटलने ग्रीक भाषेच्या संदर्भात तपशिलात मांडलं होतं. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना घोळ आहे. तुमचा एकट्याचा नाही.

‘ही मस्ट बी ॲट होम’ याच्या उलट काय?

हा ‘मस्ट’ सक्तीचा नसून अंदाजाचा आहे: ‘तो घरीच असणार’. याच्या उलट ‘तो घरी असणं शक्यच नाही’, म्हणून ‘ही कान्ट बी ॲट होम’. अमेरिकन इंग्रजीत ‘ही मस्ट नॉट बी ॲट होम’ सर्रास ऐकू येतं आणि त्याचा अर्थ ‘तो घरी नसणार असं दिसतंय’. दोन्ही बरोबर आहेत, फक्त ‘कान्ट’ जास्त ठाम. भूतकाळासाठी ‘ही कान्ट हॅव सीन अस’, म्हणजे ‘त्याने आपल्याला पाहिलं असणं शक्य नाही’.

‘शुड नॉट’, ‘ऑट नॉट टू’, ‘हॅड बेटर नॉट’?

तिन्हींत नकार क्रियेचा. मराठीतलं ‘करू नये’ किंवा ‘न केलेलं बरं’. ‘हॅड बेटर’मध्ये ‘नॉट’ शेवटी येतं, ‘यू हॅड बेटर नॉट गो’, आणि त्यात धमकीची छटा असते, तेव्हा जपून. ‘यू शुडन्ट हॅव गॉन’ म्हणजे तुम्ही गेलात आणि ते चुकलं.

‘सपोज्ड टू’ मात्र फसवं आहे. ‘यू आर नॉट सपोज्ड टू पार्क हिअर’ शब्दशः घेतलं तर ‘इथे गाडी लावावी अशी अपेक्षा नाही’, म्हणजे लावली तरी हरकत नाही असं वाटेल. प्रत्यक्षात ती मनाई आहे. ‘नॉट’ आहे ‘सपोज्ड’च्या आधी आणि खोडतं मात्र पार्किंगला.

यात परकं वाटण्यासारखं काही नाही. ‘मला वाटत नाही तो येईल’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला ‘तो येणार नाही असं वाटतं’ हेच सांगायचं असतं. नकार आतल्या वाक्यातून उडी मारून बाहेरच्या क्रियापदावर बसला, इतकंच. इंग्रजीतलं ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ हुबेहूब तसंच आहे.

‘कुड’ भूतकाळात चालत नाही असं ऐकलंय, पण ‘कुडन्ट’ चालतं?

हो. एखाद्या वेळी एखादी गोष्ट जमली असेल तर ‘यस्टर्डे आय कुड कॅच द ट्रेन’ खटकतं. ‘आय वॉज एबल टू कॅच’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू कॅच’ म्हणतात. ‘लहानपणी मला झाडावर चढता यायचं’ अशा कायमच्या कौशल्यासाठी ‘कुड’ बिनधास्त. नकारात मात्र हा भेद मिटतो. ‘यस्टर्डे आय कुडन्ट कॅच द ट्रेन’ निर्दोष आहे. गाडी मिळाली तर व्याकरण सांभाळा, चुकली तर मोकळेपणी बोला.

‘आय कुडन्ट अग्री मोअर’ म्हणणारा माणूस सहमत आहे की नाही?

पूर्ण सहमत. ‘याहून जास्त सहमत होणं मला शक्यच नाही.’ ‘कुडन्ट’ ऐकून बरेच जण विरोध समजतात आणि बैठकीत उगाच बचाव करायला लागतात. ‘इट कुडन्ट बी बेटर’ हेही कौतुकच. ‘आय कुडन्ट केअर लेस’ म्हणजे मला काडीचीही पर्वा नाही. याचंच ‘आय कुड केअर लेस’ असं नकार गाळलेलं रूप अमेरिकेत त्याच अर्थाने बोललं जातं. तर्काला सोडून आहे, पण रुळलेलं आहे. तुम्ही वापरू नका, ऐकलंत तर गोंधळू नका.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’ ऐकताना वेगळे कसे ओळखायचे?

‘ट’च्या भरवशावर राहू नका. अमेरिकन बोलण्यात ‘कॅन्ट’चा शेवटचा ‘ट’ बऱ्याचदा उमटतच नाही. खरी खूण जोराची आहे. होकारी वाक्यात ‘कॅन’ दबून ‘कन’ किंवा नुसतं ‘क्न’ होतं आणि जोर मूळ क्रियापदावर जातो: ‘आय क्न डू इट’. नकारी वाक्यात ‘कॅन्ट’वर पूर्ण जोर असतो आणि त्यातला स्वर खणखणीत येतो. ब्रिटिश उच्चारात ‘कान्ट’चा लांब ‘आ’ असल्यामुळे हा प्रश्न कमी येतो.

आपली अडचण उलटी आहे. आपण मराठीच्या सवयीने प्रत्येक शब्द सारख्याच जोराने म्हणतो, म्हणून आपलं स्वच्छ ‘आय कॅन डू इट’ अमेरिकन कानाला ‘कॅन्ट’ वाटू शकतं. होकारात ‘कॅन’ दाबा. नकार महत्त्वाचा असेल, विशेषतः फोनवर, तर सरळ ‘कॅनॉट’ म्हणा. जाता जाता, ‘मस्टन्ट’मधला पहिला ‘ट’ उच्चारत नाहीत, ‘मसन्ट’ म्हणतात.

‘कॅनॉट’ एक शब्द की दोन?

लिहिताना एक. ‘नॉट’ पुढच्या शब्दांशी जोडलेलं असेल तेव्हा तोडून लिहितात, जसं ‘यू कॅन नॉट ओन्ली रीड बट ऑल्सो राइट’. बोलताना ‘कॅन’नंतर थांबून ‘यू कॅन… नॉट गो’ म्हटलं तर ‘न जाण्याचीही मुभा आहे’ असा अर्थ काढता येतो. मुलांना ही पळवाट फार आवडते.

दरवाजा ‘वोन्ट ओपन’ कसा म्हणतो? त्याला इच्छा असते का?

‘विल’चा मूळ अर्थ इच्छेचा, आणि नकारात तो अजून टिकून आहे. ‘ही वोन्ट लिसन’ हे नुसतं भविष्य नसून ‘तो ऐकतच नाही’ असा हट्ट आहे. निर्जीव वस्तूंनाही तो हट्ट चिकटतो. मराठीत आपणही ‘दार उघडायला तयार नाही’, ‘गाडी चालूच व्हायचं नाव घेत नाही’ म्हणतोच की. ‘विल नॉट’चं आखूड रूप ‘विलन्ट’ न होता ‘वोन्ट’ झालं, कारण ते ‘विल’च्या ‘वोल’ अशा जुन्या रूपापासून आलं.

आणि ‘वोन्ट यू सिट डाउन?’ हा नकार नव्हेच. ‘बसा ना’ मधला ‘ना’ जितका नकारी, तितकाच हा.

‘कान्ट यू कम?’ याला उत्तर ‘यस’ की ‘नो’?

येऊ शकत नसाल तर ‘नो, आय कान्ट’. येऊ शकत असाल तर ‘यस, आय कॅन’.

मराठीत आपण प्रश्नाच्या म्हणण्याला उत्तर देतो. ‘तू येऊ शकत नाहीस का?’ याला ‘हो, नाही जमणार’ हे अगदी स्वाभाविक. त्या ‘हो’चा अर्थ ‘तू म्हणतोस ते बरोबर’. इंग्रजीत ‘यस’ आणि ‘नो’ प्रश्नाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पुढे येणारं वाक्य होकारी असेल तर ‘यस’, नकारी असेल तर ‘नो’. ‘यस, आय कान्ट’ ही जोडी जमत नाही. सगळ्यात धोक्याचं म्हणजे नुसतं ‘यस’ म्हणून थांबणं. तुम्ही नकार दिलेला असतो आणि समोरचा तुमची वाट बघत बसतो.

‘अनटिल यू डोन्ट कम, आय कान्ट स्टार्ट’ यात काय चुकलं?

‘जोपर्यंत तुम्ही येत नाही तोपर्यंत’ यातला ‘नाही’ जसाच्या तसा आला. ‘अनटिल’च्या पोटात तो नकार आधीच आहे. ‘आय कान्ट स्टार्ट अनटिल यू कम’ एवढंच पुरतं. ‘अनलेस’लाही हेच लागू.

नियमावल्या आणि तांत्रिक दस्तऐवज यांत हे कसं सांभाळतात?

तिथे चूक महागात पडते, म्हणून शब्दांचे अर्थ आधीच बांधून घेतात. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांसाठी मार्च १९९७ मध्ये ‘आरएफसी २११९’ हा छोटा दस्तऐवज आला. त्यात ‘मस्ट नॉट’ म्हणजे पूर्ण मनाई. ‘शुड नॉट’ म्हणजे सहसा करू नये. एखाद्या परिस्थितीत सबळ कारण असू शकतं, पण परिणामांचा विचार करूनच. ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. त्या यादीत ‘मस्ट नॉट’ आहे, ‘शॅल नॉट’ आहे, ‘शुड नॉट’ आहे, पण ‘मे नॉट’ नाही. वर आपण पाहिलेली संदिग्धता आठवली तर ती जागा रिकामी असलेलीच बरी. पुढे २०१७ मध्ये ‘आरएफसी ८१७४’ने खुलासा केला की हे खास अर्थ कॅपिटल अक्षरांत लिहिलेल्या शब्दांनाच लागू, एरवी ते साधे इंग्रजी शब्द.

कायद्याच्या इंग्रजीत ‘शॅल’वरून असाच वाद आहे. सक्ती, भविष्य, अपेक्षा असं सगळंच त्याच्या अंगावर घातल्यामुळे अमेरिकेच्या संघीय न्यायालयांच्या दिवाणी प्रक्रिया नियमांची २००७ साली नवी मांडणी झाली, तेव्हा ‘शॅल’ला रजा देण्यात आली. संदर्भानुसार त्याच्या जागी ‘मस्ट’, ‘मे’ किंवा ‘शुड’ आले.

‘ऑल कॅन्डिडेट्स मे नॉट लीव्ह’ म्हणजे कुणीच नाही, की सगळे नाहीत पण काही जण?

दोन्ही अर्थ निघतात, म्हणून असं लिहूच नये. कुणीच नाही असं म्हणायचं असेल तर ‘नो कॅन्डिडेट मे लीव्ह’. काहींना मुभा असेल तर ‘नॉट ऑल कॅन्डिडेट्स मे लीव्ह’. नकार वाक्याच्या तोंडाशी नेला की तो कुणाचा हे विचारावं लागत नाही.

‘यू कान्ट नॉट गो’ असं दोन नकारांचं वाक्य बरोबर आहे का?

बोलण्यात चालतं. पहिला नकार ‘कॅन’चा, दुसरा ‘गो’चा. ‘न जाणं शक्य नाही’, म्हणजे गेलंच पाहिजे. सख्ख्या मैत्रिणीच्या लग्नाला जायचं टाळणाऱ्या मुलीला असं सांगतात. मराठीत आपण ‘गेल्याशिवाय गत्यंतर नाही’ म्हणतो, तिथेही दोनच नकार आहेत.